मामा पाया पडायला आला

आमच्या पोवार समाजात मामा भाचीच्या पाया पडतो. मी पाळण्यात होते तेव्हापासून हेमेंद्रमामा माझ्या पाया पडत आला आहे, आणि लहानपणी मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. पेढा आणला नसेल तर मी पाय मागे घ्यायची. मग तो हसून पाय सोडून द्यायचा. मुर्री गावातल्या आमच्या घरात मला एवढा मान दुसरं कोणीही देत नाही.

मामा एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. एकदा त्यानं अंगणात पाण्याची परात ठेवली, तिच्यात आरसा तिरपा धरला आणि भिंतीवर सात रंग पाडून दाखवले. मी विज्ञान घेणार हे त्याच दिवशी ठरलं.

"कॉलेजची इमारत नोको पाहू, रुचिका," तो म्हणायचा. "प्रयोगशाळेचं कुलूप पाह्य. रोज उघडत असन त घे."

मी तसंच केलं. दहावीचा निकाल लागल्यावर गोंदियातल्या जुन्या अनुदानित कॉलेजात जाऊन आले. प्रयोगशाळेचं दार सताड उघडं होतं, आत मुली चिमटे आणि काचनळ्या घेऊन भांडत होत्या. मला तिथेच जायचं होतं. पहिल्या यादीत नाव लागलं आणि उद्या प्रवेश पक्का करायचा होता.

आज मामा पेढे घेऊन आला. चपला काढल्या, वाकला, माझे पाय धरले आणि उठलाच नाही.

मला वाटलं, गंमत करतोय. मी हसले.

"माह्या कॉलेजात ये," तो मान खाली घालूनच म्हणाला. "संस्थेवाले म्हणून राहिले, पोरं आणा नाई त घरी बसा. साऱ्या गावाइनं फिरलो मी. वर्ग भरूनच नाई राहिला."

त्याचं कॉलेज विनाअनुदानित. फाटक मात्र लग्नमंडपासारखं रंगवलेलं.

"मामा, तुह्या प्रयोगशाळेचं कुलूप उघडते का?"

"नाई."

खोटं बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं. खरं बोलला म्हणून मला त्याचा भयंकर राग आला.

मी आईकडे पाहिलं. अख्ख्या मुर्रीशी भांडायची तयारी असलेली माझी आई सुपातले निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती.

"मले कायले पायतं?" ती म्हणाली. "भाऊ हाय माहा."

बाबा शेतावर, धानाच्या बांधीत होते. असते तरी, तुह्या भावाचं तू पाह्य, म्हणून निघून गेले असते.

मी पाय मागे ओढला. लहानपणी ओढायची तसाच. मामाच्या बोटांची पकड आणखी घट्ट झाली. त्याचं टक्कल पडत चाललेलं डोकं माझ्या गुडघ्यापाशी होतं. एवढ्या मोठ्या माणसानं माझ्यापुढे असं वाकून राहावं, याची मला लाज वाटत होती. त्याला ढकलून पळावंसंही वाटत होतं.

"ऊठ ना, मामा."

"तू हो म्हण आधी."

"येईन," मी म्हणाले.

मामानं पाय सोडले. उठला, डोळे पुसले, माझ्या हातावर पेढा ठेवला.

"सारे प्रयोग मी करवून घेईन ना तुह्याकडून," तो म्हणाला. "घरी परात हायेच."