संत्र्यांची पेटी

आपल्या कार्यालयातल्या प्रत्येक कंप्युटरला दोन बायका आहेत, हा मेंग देशानचा आवडता विनोद. जिल्हा वनखात्याच्या कचेरीत तो अधीक्षक होता, त्यामुळे विनोद कितीही शिळा झाला तरी हाताखालचे लोक मान हलवून हसायचे.

झालं होतं असं. वरून हुकूम आला की सरकारी कंप्युटरवर यापुढे फक्त देशी ऑपरेटिंग सिस्टिम चालेल, जुनी परदेशी पुसून टाका. पुसली. थोड्याच दिवसांत संचालक पांग साहेबांना कळलं की त्यांचं शेअरबाजाराचं सॉफ्टवेअर देशीवर उघडतच नाही. साहेबांचा जीव कासावीस झाला. मेंगने बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला मागच्या दाराने आत घेतलं आणि देशीला हात न लावता तिच्या शेजारी जुनी बसवून घेतली. साहेबांना मिळाल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात? कुणाला पत्ते खेळायचे होते, कुणाला जुना प्रिंटर चालवायचा होता. बघता बघता सगळ्या मशीनवर दोघी नांदायला लागल्या. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, वर देशी, खाली परदेशी. काही केलं नाही तर आपोआप वरची सुरू व्हायची, आणि वरून साहेबलोक पाहायला आले की कुणी काही करायचं नाही, एवढंच पथ्य होतं.

मग कुणा भल्या माणसाने त्या काळ्या पडद्याचा फोटो काढून प्रांताच्या तपासणी पथकाकडे धाडला.

"पुसून टाकतो सगळं," मेंग पांग साहेबांना म्हणाला.

"पुसा ना. पण सगळीकडेच लख्ख सापडलं, तर ते म्हणतील लपवाछपवी केली," साहेब चहातली पानं फुंकरीने बाजूला करत म्हणाले. "एका मशीनवर सापडू दे. पथक रिकाम्या हाताने परत गेलं तर पुन्हा येतं. फक्त ते कुणी केलं हेही सापडलं पाहिजे. कुणी केलं, लाओ मेंग?" जुन्या सहकाऱ्याला ते सलगीने 'लाओ' म्हणायचे.

"तात्पुरत्या कर्मचाऱ्याने," मेंग सवयीने म्हणाला.

"आहे कुठे आपल्याकडे तात्पुरता कर्मचारी?"

दोघंही हसले. खरंच नव्हता. शेवटची होती लाय चुनफेंग, झाडलोट करून झेरॉक्स काढणारी बाई. साहेबांच्या मेव्हण्याला कापराची झाडं तोडायचा परवाना कंप्युटरवरून दिला गेला, चौकशी लागली, आणि ती चूक लायच्या नावावर गेली. ती म्हणाली होती, "साहेब, मी या डब्याचं बटण कधी दाबलं नाही हो." त्यावर मेंग म्हणाला होता, "बरं झालं, आता दाबायची वेळही येणार नाही." कचेरी खो खो हसली. जाताना रिवाजाप्रमाणे तिला नाभीवाल्या, म्हणजे बुडाला बेंबी असलेल्या, संत्र्यांची पेटी दिली. आमच्या भागात संत्र्यांना तोटा नाही, आणि मेंगला वाटायचं की पेटी दिली की हिशेब मिटला. पण बाई खमकी निघाली. प्रांताच्या तक्रार कचेरीसमोर पाटी गळ्यात अडकवून बसली, आणि पांग साहेबांना स्वतः जाऊन तिची मनधरणी करावी लागली. ती अजूनही कचेरीच्या फाटकाशी तांदळाच्या शेवयांची गाडी लावते. मेंग दिसला की रस्त्यावर थुंकते.

"तर एक माणूस घ्या," साहेब म्हणाले. "लवकर."

मेंगला या कामाचा कंटाळा नव्हता. उलट त्यात त्याचा हातखंडा होता. माणूस असा पाहायचा की आईबाप लांब, ओळखपाळख नाही, पोटाला चिमटा बसलेला. पगाराचं नाव काढताच ज्याचे डोळे भरून येतात तो उत्तम. बळीच्या बकऱ्याला आधी चारा घालावा लागतो, असं तो स्वतःच म्हणायचा, आणि त्या म्हणण्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. पेन्शन, कचेरीकडून मिळालेलं घर, निरोपाच्या जेवणात वरच्या टेबलावर खुर्ची, एवढंच त्याला दिसत होतं.

मेंगने सगळ्या मशीनवरची परदेशी पुसून घेतली, पण माणूस शोधायच्या आधीच साहेबांनी त्याला वणव्याच्या चौक्या तपासायला डोंगरात पाठवलं. "इकडचं मी बघतो," म्हणाले. मेंगला जरा नवल वाटलं, पण साहेबाने काम अंगावर घेतलं तर कोण नको म्हणेल?

काही दिवसांनी तो डोंगरातून घरी आला तेव्हा दारातच खमंग वास आला. टेबलावर मसाला भरलेलं टोफू, वाफवलेलं बदक, तांदळाची दारू. बायको गुईझेनचा चेहरा नव्या नवरीसारखा फुलला होता.

"बसा, बसा. आधी पेला उचला. आपली निंगनिंग लागली कामाला."

निंगनिंग म्हणजे मेंग शुएनिंग, त्यांची एकुलती एक मुलगी. ग्वांगझोउमधली नोकरी गेल्यापासून घरीच होती आणि सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसत होती. दोनदा थोडक्यात हुकली होती. आता तिसऱ्यांदा बसायची, आणि या खेपेस नक्की होणार असं सगळे म्हणत होते, कारण पोरगी दिवसरात्र पुस्तकात डोकं खुपसून असायची. त्या परीक्षेत मार्कांइतकीच माणसाची सरकारी फाइल पाहतात. फाइलवर एक डाग पडला की जन्मभर दार बंद.

"कुठे लागली?" मेंगने विचारलं.

"तुमच्याच कचेरीत हो! तात्पुरती आहे, पण असू दे. मी दोन बाटल्या दारू आणि सिगरेटची पाकिटं घेऊन पांग वहिनींकडे गेले होते. म्हटलं, पोरगी घरात कुजतेय, परीक्षेपर्यंत चार ओळखी होतील. पांग साहेब काय भला माणूस! स्वतः फोन केला, म्हणाले उद्यापासूनच पाठवा. तुम्ही एवढी वर्षं तिथे घासलीत, तुम्हाला कधी सुचलं नाही."

मेंगने काड्यांनी उचललेला टोफूचा तुकडा परत वाडग्यात ठेवला. गुईझेन हसली, म्हणाली, आनंदाने भूकच गेली बघ तुझ्या बाबांची.

"आणि बाबा, मला कामही दिलं," निंगनिंग बदकाचा तुकडा त्याच्या वाडग्यात घालत म्हणाली. "पांग काका म्हणाले, आधी सगळ्यांकडे होती तशी माझ्या मशीनवर देशीच्या शेजारी जुनी बसवून दे, तुझे बाबा नाहीत तर कुणालाच जमत नाही. मी पेनड्राइव्हवर घेऊन गेले. ते विचारतं ना, सगळं पुसू की मोकळ्या जागेत बसवू, तिथे लोक घाई करतात आणि सगळं घालवतात. मी नीट जागा काढून ठेवली होती. आणि जुनी मागाहून घातली की ती इतकी आडदांड, की सुरू होताना देशीचं नावच दिसू देत नाही. मग परत पेनड्राइव्हवरून चालू करून दोन्ही नावं वर आणली. काका बघतच राहिले."

"सुरू करताना ते नाव विचारतं," मेंग हळूच म्हणाला. "वापरणाऱ्याचं. कुणाचं टाकलंस?"

"माझंच. काका म्हणाले, ज्याचं काम त्याचं नाव, संकोच कसला. फोटोही काढला त्यांनी, मशीनशेजारी उभी करून."

अरे बापाचं काळीज, आता तरी तोंड उघड! नाही उघडलं. सांगायचं तर तात्पुरता माणूस कशाला घेतात ते सांगावं लागलं असतं, म्हणजे लाय चुनफेंगचंही सांगावं लागलं असतं, आणि गुईझेन अजून तिच्याच गाडीवर शेवया खात होती आणि बिचारी बिचारी म्हणत होती. मेंगने पेला उचलला आणि रिकामा केला. सकाळी साहेबांना भेटून मिटवतो, असं त्याने मनाशी ठरवलं. भित्र्या माणसाला सकाळ फार आवडते.

सकाळी तो साहेबांच्या खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं.

"साहेब, ती माझी मुलगी आहे."

"माहीत आहे की. म्हणून तर घेतली," पांग साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा होता. "परक्या माणसाचा काय भरवसा? त्या लायने काय तमाशा केला, विसरलात? घरचं माणूस बापाचं तोंड बघून गप्प बसतं. आणि बापही गप्प बसतो."

"तिची परीक्षा आहे, साहेब. फाइलवर डाग पडला तर..."

"बायकांच्या जातीला लग्न करून पोटापुरतं मिळतंच. बघू पुढे काही." साहेबांनी शेअरबाजाराच्या भावावरून नजर काढली. "नाहीतर दुसरा रस्ता आहे. पथकाला सांगा, मी सांगितलं, तुम्ही दुरुस्तीवाला आणला. मला ताकीद मिळेल, माझ्या डोक्यावर वरच्यांचे हात आहेत. तुमचं काय होईल? पेन्शन राहील? घर राहील? आणि परवान्याचं प्रकरण वर आलं, तर त्यावर सही कुणाची आहे, लाओ मेंग?"

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. वनखात्यात एवढी वर्षं काढलेल्या माणसाला ती म्हण शिकवायची गरज नव्हती. फरक एवढाच की आजवर तो दांडा म्हणून मिरवला होता आणि झाडं दुसऱ्यांची होती.

पथक दुपारी आलं. प्रमुख होती एक चष्मेवाली बाई, कमी बोलणारी. सगळी मशीनं पाहिली, सगळी चोख. शेवटी साहेबांच्या खोलीत मशीन सुरू केलं आणि काळ्या पडद्यावर दोन नावं आली. बाईंनी खालचं निवडलं. आत जायला नाव आलं, मेंग शुएनिंग.

"कोण ही?"

निंगनिंगला बोलावलं. ती हसतच आली. कामाचं कौतुक असेल असं वाटलं असावं तिला.

"हे तू बसवलंस?"

"हो."

"नियमाने बंदी आहे, माहीत नव्हतं?"

निंगनिंगचं हसू तसंच राहिलं, पण डोळे साहेबांकडे गेले. साहेब खिडकीतून कापराच्या झाडाकडे बघत होते. "मला पांग संचालकांनीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "आणि आधीपासून सगळ्यांच्या मशीनवर होतंच. अधीक्षकांना विचारा ना. ते सांगतील."

बाईंनी मेंगकडे पाहिलं. निंगनिंगनेही पाहिलं. ती अगदी निर्धास्त उभी होती. लहानपणी शाळेत कुणी खोटा आळ घेतला की ती अशीच त्याच्या मागे येऊन उभी राहायची, कारण बाबा आले की प्रश्न मिटायचा.

"असं आहे का, अधीक्षक?"

"नाही," मेंग म्हणाला. वाक्य पाठच होतं, जिभेवरून सुरळीत उतरलं. "तात्पुरती कर्मचारी आहे. नवीन आहे, नियम माहीत नाहीत. आमचं लक्ष राहिलं नाही, एवढी चूक आमची."

"आडनाव एकच दिसतंय. नात्यातली?" बाईंनी पेन थांबवलं. "नात्यातलीला तुमच्याच हाताखाली घेतलं असेल, तर तो वेगळा गुन्हा होईल."

पांग साहेब खोकले. मेंगने मुलीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित वेगळं काही बोलला असता, म्हणूनच त्याने पाहिलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "आमच्या जिल्ह्यात मेंग पुष्कळ."

बाईंनी लिहून घेतलं. नियमभंग, खोटा आरोप करून वरिष्ठांना गोवण्याचा प्रयत्न, तात्काळ कामावरून कमी, फाइलवर नोंद. दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा जड होता. निंगनिंगने सही केली. ती रडली नाही, भांडली नाही. सही करताना एकदा मात्र तिने विचारलं, "तारीख आजचीच टाकू ना?" आणि बाई म्हणाली, हो, आजचीच.

संध्याकाळी मेंग निघाला तेव्हा पांग साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शिपायाकडून त्याच्या हातात पेटी देववली. नाभीवाली संत्री, मोठ्या आकाराची, वर लाल रिबन.

"रिवाज आहे," साहेब म्हणाले. "तुम्हीच सुरू केलेला."

फाटकाशी लायने त्याच्या हातातली पेटी पाहिली. आज ती थुंकली नाही. नुसती बघत राहिली, आणि मग मान फिरवून झाऱ्याने शेवया उकळत्या पाण्यातून काढायला लागली. थुंकली असती तर बरं झालं असतं, असं मेंगला चालताना सारखं वाटत राहिलं.

घरी गुईझेन स्वयंपाकघरात होती, दार आतून लावलेलं. आत नळ वाहत होता. निंगनिंग टेबलाशी बसली होती. परीक्षेची पुस्तकं दोरीने बांधून दाराशी ठेवली होती, रद्दीवाल्याला द्यायची तशी. मेंगने पेटी टेबलावर ठेवली. कुठे ठेवावी ते त्याला दुसरं सुचेना.

"निंगनिंग," तो म्हणाला. "घर गेलं असतं. तुझ्या आईचं काय झालं असतं? तूच सांग."

तिने रिबन सोडली, एक संत्रं काढलं आणि सोलायला लागली. सावकाश, शिरा काढून, फोडी वेगळ्या करून, त्याला आवडतात तशा. ताटलीत मांडल्या आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"घ्या, मेंग साहेब," ती म्हणाली. "तुमच्या घरच्यांनाही द्या."