एका वेळी एकच खिडकी

बाबांची वाचा गेली आणि कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरचा भाव एकदम वधारला. तोवर त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जायचे, आणि कपडे काढताना कुणाला आठवण झालीच तर पुसलाही जायचा.

बाबा हे मुलगी-जावयाकडे राहणारे सासरे. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. लोकांच्या चुका काढून पोट भरणारी माणसं घरात तशी परवडत नाहीत, पण बाबा कामाच्या वेळेबाहेर फार बोलत नसत, त्यामुळे निभावलं. मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि उजवं अंग गेलं, जीभही गेली. मागे उरलं डाव्या हाताचं एक बोट आणि शाबूत डोकं. फोनच्या काचेवर ते बोट थरथरायचं. एक अक्षर दाबावं तर भलतीच चार उमटायची. कॉम्प्युटरची जाडजूड बटणं मात्र त्या बोटाला मानवली. बटण खाली जातं, टक् वाजतं, तेव्हा अक्षर पडतं. छापखान्यातल्या माणसाला एवढं पुरे.

लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम मिळाला. पण त्यानं कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. बाबांनी सकाळी 'चहा' लिहावं आणि पडद्यानं ते जेवायच्या वेळी म्हणावं.

जावई हिशेबी माणूस. वाईट नव्हे, हिशेबी. प्रत्येक गोष्टीच्या पुढे तो मनात 'किती वापर होणार?' असं लिहून ठेवायचा. नवीन कॉम्प्युटरचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "घेऊ की. घ्यायला काय झालं. पण किती..." आणि थांबला. पुढचा शब्द 'दिवस' होता, हे तिघांनाही कळलं. त्यांतल्या एकाला बोलता येत नव्हतं, आणि दुसरीनं भांडी जरा जोरात आपटली.

मग ठिगळला बोलावलं. खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. जुनी मशीन्स जोडून-शिवून चालती करायचा, म्हणून ठिगळ. त्यानं डबा उघडला, आतली धूळ फुंकली, नाक पुसलं आणि निदान सांगितलं.

"ताई, ह्याच्यात रॅम एवढीशी. तुमची आत्ताची सिस्टिम म्हणजे एका खोलीत वऱ्हाड उतरवल्यासारखं आहे. मी हलकी टाकतो. दिसायला भिकार, पण पळेल."

"मग रॅमच वाढवा ना," मुलगी म्हणाली.

"ह्याला बसणारी आता येत नाही. भंगारात बघत राहतो, मिळाली तर मिळाली."

ठिगळनं हलकी सिस्टिम टाकली. पडद्यावरच्या सावल्या गेल्या, चित्रं गेली, मागे करडा पडदा राहिला. पुरुषाचा आवाज जड पडत होता म्हणून त्यातल्या त्यात हलका असा एका बाईचा आवाज बसवला, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. बाबांनी पहिलं वाक्य लिहिलं आणि खोलीभर ठणठणीत स्वरात ती बाई म्हणाली, "आवाज चांगला आहे. लुगडं पण मिळेल का?" मुलगी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

निघताना ठिगळनं बजावलं. "एका वेळी एकच खिडकी. बाबांचं लिहिणं चालू असताना दुसरं जड काही उघडायचं नाही. रॅम भरली की ही सिस्टिम अडून बसत नाही. सगळ्यात जास्त जागा कोण खातंय ते बघते आणि त्याला बाहेर काढते. विचारत नाही. आणि सगळ्यात जास्त खाणारा म्हणजे हा बोलणारा प्रोग्रॅम. त्यात अख्खा आवाज भरलाय."

"म्हणजे आमच्या ऑफिससारखंच," जावई म्हणाला.

बाबा बटणं दाबायला लागले. ठिगळचा चहा झाला, पिशवी भरून झाली, एका पायात चप्पलही गेली, तेव्हा कुठे ती बाई म्हणाली, "आणि घरासारखं."

ठिगळ एकटाच हसला. त्याला हे घर माहीत नव्हतं.

पुढे घराला त्या बोलण्याची सवय झाली. त्यात बाबांचा एक नियम होता. लिहीत असताना पडद्याकडे कुणी बघायचं नाही. छापखान्यात न तपासलेला मजकूर बाहेर जात नसे, तो इथेही जायचा नाही. आधी पूर्ण लिहायचं, मग वरपासून वाचायचं, काना-मात्रा बघायची, आणि मगच बोलायचं बटण. कुणी मागून डोकावलं की बाबा डावा हात पसरून पडदा झाकायचे, परीक्षेतल्या मुलासारखे. आणि लिहिलेलं जपूनही ठेवायचे नाहीत. जावयानं एकदा सेव्ह कसं करायचं ते दाखवलं, तर उत्तर आलं, "बोलणं कपाटात ठेवतात का?"

मग बाबा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण मुलगी कामावर होती, जावई कामावर होता, आणि संध्याकाळपर्यंत बाबा ओल्या फरशीवर होते. हाक मारायची तर कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत.

त्यानंतर जावयानं वृद्धाश्रमाची चौकशी केली. एक खाट रिकामी होत होती. का, ते कुणी विचारलं नाही. उद्यापर्यंत कळवा, रांग आहे, असं तिथून सांगितलं. नवरा-बायकोत बरंच झालं. शेवटी मुलगी बाबांच्या खुर्चीशेजारी येऊन बसली.

"बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मी नोकरी सोडेन, अर्धा दिवस करेन, काहीही करेन. पण तुम्ही सांगायचं. मनापासून."

"बरोबर आहे," जावई दारातून म्हणाला. "बाबा म्हणतील तसं. माझा शब्द." आणि तो शब्द त्यानं पाळला असता. हिशेबी माणसं दिलेला शब्द सहसा मोडत नाहीत, त्यांना तो कुठेतरी मांडलेला दिसतो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाबा जेवणानंतर खुर्चीत बसले आणि लिहायला लागले. टक्. मग बराच वेळ काही नाही. टक्, टक्. मुलगी स्वयंपाकघरात डबे पुसत होती. पुसलेलेच परत पुसत होती. एकदा पाणी द्यायला गेली तेव्हा नजर गेलीच. अर्धा पडदा भरला होता. तिनं चटकन मान वळवली. नियम म्हणजे नियम. वाचलं असतं तर बाबा मरेपर्यंत विसरले नसते, असं तिला वाटलं.

उन्हं उतरली तशी बाबांनी खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं. न्हाणीघरात जायचं होतं. मुलगी त्यांना धरून घेऊन गेली. जाताना बाबांनी मागे पडद्याकडे बघितलं, आणि तिला कळलं की लिहून झालंय, आता फक्त तपासायचं राहिलंय.

जावयाला वाटलं, तेवढ्यात आपण एक चांगलं काम करावं. बाबांनी ती जागा पाहिलीच नव्हती. आश्रमाच्या साइटवर फोटो होते, बागेचा व्हिडिओ होता. फोनवर बाबांना काय दिसणार? मोठ्या पडद्यावर लावून ठेवू. उत्तर द्यायच्या आधी माणसानं बघायला नको? त्यानं बाबांची खिडकी अगदी जपून खाली सरकवली, बंद नाही केली, आणि साइट उघडली.

डब्याच्या आत चक्की सुरू झाल्यासारखी घरघर लागली. पडदा गोठला. जावयाला ठिगळचं बोलणं आठवलं, पण तोवर उशीर झाला होता. मग घरघर थांबली आणि बाग आली. हिरवळ, बाक, बाकावर हसणारी दोन म्हातारी माणसं. खाली सरकवलेल्या खिडकीच्या जागी करडी पट्टी होती, पुसून घेतल्यासारखी स्वच्छ.

मुलगी बाबांना घेऊन आली.

"बाबांचं कुठंय?"

"अगं, मी बंद नाही केलं. मी फक्त..."

"ठिगळनं काय सांगितलं होतं? काय सांगितलं होतं त्यानं?"

"त्यांना जागा दिसावी म्हणून लावलं ना! माझ्यासाठी लावलं का? परत आणता येतं का बघतो, थांब."

त्यानं इकडे दाबलं, तिकडे दाबलं. ठिगळला फोन लावला. ठिगळ म्हणाला, सेव्ह केलं होतं का? नाही ना? मग गेलं. बोलणारा प्रोग्रॅम पुन्हा उघडला, तर कोरं पान आलं.

बाबा खुर्चीत बसले होते. ते बागेकडे बघत नव्हते, जावयाकडेही नाही. तपासताना बघायचे तसं कोऱ्या पानाकडे बघत होते, वरच्या ओळीपासून.

"बाबा," मुलगी त्यांच्या गुडघ्यापाशी बसली. "थोडक्यात सांगा. नुसती मान हलवा. हो का नाही, एवढंच."

बाबांनी मान हलवली नाही. एका स्वल्पविरामासाठी मालकाशी भांडलेला माणूस. एवढी दुपार घालून जे लिहिलं ते मानेनं कसं सांगणार?

"मग परत लिहा. आम्ही थांबतो. कितीही वेळ लागू दे."

"सहा वाजता त्यांचं ऑफिस बंद होतं," जावई हळूच म्हणाला. त्याला म्हणायचं नव्हतं, पण ते खरं होतं.

बाबांनी हात उचलला. बोट बटणांवर तरंगत राहिलं, मग खाली आलं. थोडीच अक्षरं. आणि तपासायला न थांबता, वर मागे काहीही न बघता, त्यांनी बोलायचं बटण दाबलं.

"चालेल," ती बाई ठणठणीत म्हणाली.

जावयानं श्वास सोडला. "चालेल म्हणाले. ऐकलंस ना? स्वतः म्हणाले."

अर्धा पडदा भरलेला मुलीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. 'चालेल' म्हणायला माणूस एवढं लिहीत नाही. किंवा लिहीतही असेल; बाबांचं काय सांगावं. तिनं वाचायला हवं होतं, नियम मोडून वाचायला हवं होतं. जावयानं सहाच्या आत फोन केला.

बाबांना कॉम्प्युटर तिकडे नेऊ द्याल का, हे आश्रमात विचारलं होतं. एका खोलीत तिघे, टेबल बसत नाही, असं उत्तर आलं.

पावसाळा संपता संपता ठिगळ दारात हजर. तळहातावर रॅमची हिरवी पट्टी, हरवलेलं पाकीट परत करायला आल्यासारखा चेहरा.

"मिळाली ताई! एका बंद पडलेल्या दुकानाच्या भंगारात होती. बाबा कुठे आहेत?"

मुलीनं सांगितलं. ठिगळनं पट्टी खिशात टाकली, मग परत बाहेर काढली. "बसवून ठेवू का? आणलीच आहे तर."

"बसवा."

डबा उघडला, धूळ फुंकली, पट्टी बसली. जावई ऑफिसमधून आला तेव्हा कॉम्प्युटर चालू होता. त्यानं खुर्ची ओढली, बोलणारा प्रोग्रॅम उघडला, त्यावर साइट उघडली, त्यावर बागेचा व्हिडिओ लावला. घरघर नाही, काही नाही. आणखी एक उघडली, आणखी एक.

"बघ," तो म्हणाला, "आता कितीही उघड. एकही जात नाही."

"बंद कर," बायको म्हणाली.

"कुठली?"

तिनं इस्त्रीचे कपडे उचलले आणि डब्यावर ठेवायला गेली, मग तशीच धरून उभी राहिली.