पाखरीचा दोष

डॉक्टर नमिताने घोडीच्या आतून हात बाहेर काढला, खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा सोलून बादलीत टाकला आणि सोनोग्राफी मशीनचा छोटा पडदा हैबतरावांकडे वळवला. अकरा दिवसांपूर्वी त्यावर सुपारीएवढा काळा गोल दिसला होता. आता नुसतं राखाडी धुकं होतं.

"गेला," ती म्हणाली. "याही वेळी."

पाखरी लाकडी खोड्यात शेपूट बांधून उभी होती. सहा वर्षांची, अंगानं भरलेली घोडी. पोटात ठेवलेला गर्भ तिचा नव्हता, पेणच्या नासिरच्या नूरी घोडीचा होता. नूरीत पुण्याहून आणलेलं घोड्याचं वीर्य भरायचं, आठवड्याने तिच्या पिशवीतून गर्भ धुऊन काढायचा, आणि रोह्याला आणून पाखरीच्या पोटात ठेवायचा. शिंगरू वाढवायचं पाखरीने, नूरीने वराती करत राहायच्या. हैबतरावांनी घोडी दिली ती दोस्तीखातर. नासिरचे आणि त्यांचे वडील एकाच बाजाराला जायचे.

नासिर पेंढ्याजवळ उभा होता. दोष कुणाचा, एवढंच हैबतरावांनी विचारलं.

डॉक्टरने आधी कागद चाळला. नूरी बारा वर्षांची, असं तिनेच नासिरला विचारून लिहिलं होतं. नूरी वीस-बावीसची असती, तर तिचं बीजच म्हातारं म्हणता आलं असतं, ती म्हणाली. तसलं बीज कितीही तरण्या पोटात ठेवा, गळून पडतं. पण बाराव्या वर्षी लागोपाठ दोनदा असं सहसा होत नाही.

"मग पाखरीचंच पोट धरत नसेल," ती म्हणाली. "वाईट वाटतं, पण तसंच दिसतंय."

नासिर खाली वाकला आणि गुंडाळलेली दोरी सोडून परत गुंडाळू लागला.

नूरी एकवीस वर्षांची होती.

वरातीच्या धंद्यात घोडी बारा वर्षांची होते आणि पुढं दहा वर्षं बाराच राहते. नवरदेवाची मावशी हटकून वय विचारते. म्हातारीवर बसवलं तर नवरा मांडवातच पिकेल, असं वर हसून म्हणते. म्हणून नासिरने एक माणूस बोलावून नूरीचे दात कानशीने घासून घेतले होते, आणि तापल्या तारेनं त्यांवर कोवळ्या वयाचे काळे खळगे डागून घेतले होते. डॉक्टरने नूरीचं तोंड उघडून पाहिलं तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली होती. नासिर लगेच "बारा" म्हणाला. सवयीनं तोंडातून गेलं, असं तो स्वतःला सांगत आला. खोटं. खरं वय कळलं तर ही बाई हात लावणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

नासिर पेणला, रामवाडीच्या घरी पोचल्यावर त्याच्या बायकोने, सायराने, पाण्याचा तांब्या दिला आणि सगळं ऐकून घेतलं. मग तिने हिशेब मांडला तो वयाचा. नूरी आणि त्यांची लेक माहिरा एका महिन्यात जन्मलेल्या. माहिरा कॉलेज संपवून कंपनीत लागली, शिफ्टला जाते.

"ती पन बाराचीच काय हो?" सायरा म्हणाली. "सांगा की, तिला परत शाळेत घालू."

 एक सीझन सोडा, घोडीला गाभण राहू द्या, असं तिने किती वर्षं सांगितलं होतं. नूरी दहाची होती, बाराची होती, चौदाची होती. दरसाल तो म्हणायचा, यंदा तारखा लागल्यात, पुढल्या साली बघू गो. ताशाचा पहिला ठोका पडताच मान काढून पाय टाकणारी अशी घोडी पेणपासून रोह्यापर्यंत दुसरी नव्हती. ती चाल शिकवून येत नाही, रक्तातनं उतरते. त्या रक्ताची सगळी चांगली वर्षं त्याने नवऱ्यांच्या बुडाखाली घातली होती.

"मुक्या जनावरावर वांझपन घालून आलात," सायरा म्हणाली. "उद्या जा. सांगून टाका."

तो दुसऱ्या दिवशी गेला. रोह्यात शिरताना लागणारा अष्टमीचा पूल ओलांडेपर्यंत त्याने वाक्यं जुळवली होती. हैबतरावांच्या अंगणात पोचला तेव्हा पाखरी धुऊन, खरारा करून दारात बांधलेली होती. पाखरी वांझ, हे गावभर झालं होतं. जत्रेला पालखीपुढं पाखरी नको, असं भावकीनं सकाळीच कळवलं होतं.

"बरा आलास," हैबतराव म्हणाले. "मीच निरोप धाडणार होतो. तुझी दोन पिल्लं माझ्या घोडीनं घालवली. मला झोप नाय. हिला घेऊन जा."

"हैबतराव, घोडीत खोट नाय."

"ऱ्हाऊ दे."

"खरं सांगतो. पाखरी चांगली हाय."

"मला बरं वाटावं म्हनून बोलतोस, कळतंय मला," हैबतराव म्हणाले. "तू पयल्यापासनं असाच. वरातीला चालेल ती. तिथं कोन पोट बघतंय?"

आता एकच वाक्य उरलं होतं. नूरी एकवीसची आहे, एवढंच. नासिरने तोंड उघडलं. पाखरीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. उंच, ताठ, पायांत जोर. नूरी पुढल्या लगीनसराईला उभी राहील की नाही याचा भरवसा नव्हता. आणि ही सहाची होती. खरोखरची सहाची.

हैबतरावांच्या पत्नी रंभावहिनी घरातून आल्या. त्यांनी घोडीच्या कपाळाला कुंकू लावलं, तोंडापुढं गुळाचा खडा धरला, आणि पदर सावरत नासिरसमोर उभ्या राहिल्या.

"नासिरभाय, तुमचं नुसकान झालं आमच्यापायी. मनात ठेवू नका."

"नाय वैनी," नासिर म्हणाला, आणि दोरीसाठी हात पुढं केला.