मधली पट्टी

"परत मोजताय?" सिस्टरनी विचारलं. "तिसऱ्यांदा झालं, मिस्त्री. खिडकी काही वाढत नाही."

मिस्त्रीने टेप पुन्हा खिडकीच्या तळाच्या दगडाला टेकवला आणि मधल्या आडव्या पट्टीपर्यंत ओढला. वीस इंच. आधीच्या दोन वेळांसारखेच वीस. त्याच्या खिशातल्या सरकारी नकाशावर साडेबावीस लिहिलं होतं.

ही गल्ली जतन विभागाच्या ताब्यात होती. घरं ज्याची त्याचीच, पण बाहेरचा भाग विभागाचा. खिडकी कुजली तर नवी बसवायची ती त्याच लाकडाची, त्याच घडणीची. खाली लाकडी झडपा, वर काचेच्या आणि दोहोंच्या मध्ये एक आडवी पट्टी. गल्लीतल्या बत्तीस घरांपैकी एकतीस घरांच्या खिडक्या गेल्या सव्वीस वर्षांत बदलल्या आणि त्या सगळ्या याच मिस्त्रीने केल्या. लोक त्याला 'सूतभर' म्हणत. कारण काम झालं की कमरेवर हात ठेवून तो एकच वाक्य बोलायचा, "बघा, सूतभर फरक सापडला तर सांगा." सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. इथे तर अडीच इंचांचा फरक होता.

बत्तिसावं घर सिस्टरांचं. तीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, आता निवृत्त; पण गल्लीने त्यांचं सिस्टरपण काढून घेतलं नव्हतं. खालची एक झडप कुजली म्हणून त्यांनी दुरुस्तीचा अर्ज केला, तर विभागाचं उलट पत्र आलं: खिडकी गल्लीतल्या इतर खिडक्यांशी जुळत नाही, सबब पूर्ण बदलून नमुन्याप्रमाणे बसवावी. ते माप घ्यायलाच मिस्त्री आला होता.

"जुन्या खिडक्या थोड्या इकडेतिकडे असतातच," तो म्हणाला. "नवी बसली की शोभून दिसेल."

"शोभेचं मला काय करायचंय? ताई, उठ जरा, मी धरते तुला. मिस्त्री, तुम्ही बसा हिच्या खुर्चीत."

"मी कशाला?"

"बसा म्हणते ना."

सिस्टरांच्या आवाजाला नाही म्हणायची सोय नव्हती; मोठमोठे डॉक्टर त्या आवाजाला वचकून असत म्हणे. थोरल्या बहिणीला, ताईंना, त्यांनी काखेत हात घालून उठवलं आणि पलंगावर बसवलं. ताईंची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी लुळी पडली होती. बोलणंही गेलं होतं. मिस्त्री अवघडून खुर्चीत टेकला.

आणि त्याला रस्ता दिसला. सगळा. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापासून पाण्याच्या नळापर्यंत. एक बाई भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत होती. पट्टी त्याच्या नजरेच्या बरोबर खाली होती, जणू कुणीतरी तो खुर्चीत बसल्यावर ती लावली होती.

"आता ही पट्टी नमुन्याएवढी वर गेली असं समजा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कोपऱ्यातली लाकडी पट्टी उचलून त्याच्या डोळ्यांसमोर आडवी धरली. "काय दिसतं?"

"लाकूड."

"तेच म्हणते मी. दिवसभर लाकूड बघत बसायचं का तिने? उशी घालून पाहिली, तर घसरते ती. एकदा पडलीसुद्धा."

मिस्त्रीचं लक्ष 'उशी' या शब्दापाशीच अडकलं. एकतीस घरं त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. दुरुस्तीला, झडप घासायला तो सगळीकडे जात-येत असे. बहुतेक घरांत खिडकीपाशी एक खुर्ची होती आणि खुर्चीत एक उशी, एक दुमडलेली गोधडी, कुठे जाडजूड पुस्तकं. त्याला वाटायचं, या गल्लीतल्या लोकांना मऊ बसायची हौस आहे.

तो माप न लिहिताच उठला.

घरी येऊन त्याने लोखंडी पेटी उघडली. मापांच्या वह्या तो कधी टाकत नसे. पहिल्या वहीत, पहिल्या खिडकीच्या पानावर त्याचंच अक्षर होतं: मधली पट्टी, वीस, बाहेरून. म्हणजे माप बरोबर घेतलं होतं. बाहेरून, दगडापासून. पट्टी बसवताना मात्र तो आत उभा होता आणि आतून मोजत होता. आणि आत त्या दगडावर कुणीतरी कधीकाळी अडीच इंच जाडीची फळी ठोकलेली होती. तो फळीपासून वीस इंच मोजून मोकळा झाला. महिन्याभराने जतन विभागाचे लोक आले, त्यांना ती खिडकी फार आवडली, त्यांनी तिचाच नकाशा काढला आणि तिलाच नमुना ठरवलं.

बरं, कळलं नव्हतं म्हणावं तर तेही खरं नव्हतं. दुसऱ्या घराची जुनी खिडकी उतरवताना पट्टी खाली दिसली होती. लाकूड खचलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. तिसऱ्या घरातही दिसली. त्यानंतर त्याने जुन्या खिडक्या मोजणंच सोडलं. नकाशा होता, त्यावर शिक्का होता. मोजायचं कशाला?

"अहो, तुम्हाला कुणी विचारलंय का?" बायको म्हणाली. चहाचा कप तिने जरा जोरातच खाली ठेवला. "सव्वीस वर्षं कुणाला दिसलं नाही, ते तुम्हीच चव्हाट्यावर मांडणार? पुढच्या महिन्यापासून त्यांच्या कार्यशाळेत शिकवायला जायचंय तुम्हाला. माझ्या भावाला सांगून बसलेय मी."

"मी गप्प बसलो तर ती म्हातारी लाकूड बघत बसेल."

"मग तेवढी एक खिडकी राहू दे म्हणावं. चूक कशाला सांगायची?"

"चूक सांगितल्याशिवाय ते ती राहू देणार नाहीत. एकतीस एका बाजूला आणि ही एकटी. तिलाच चुकीची म्हणतात."

बायकोने कपाट उघडलं. मग म्हणाली, "निदान तो इस्त्रीचा शर्ट तरी घाला जाताना."

विभागाच्या मॅडम वयाने लहान होत्या आणि कामाला चोख. मिस्त्रीचं बोलणं ऐकता ऐकता त्यांच्या हातातलं पेन थांबलं.

"मिस्त्री, तुम्ही काय म्हणताय, कळतंय ना तुम्हाला? आम्ही जतन करतो म्हणून पाट्या लावल्यात गल्लीच्या दोन्ही तोंडांना."

"हो मॅडम."

"आणि आपण सव्वीस वर्षं तुमची चूक जतन केली?"

मिस्त्रीने वही टेबलावर सरकवली. मॅडमनी ते पान वाचलं, मग नकाशा उलगडला, मग पुन्हा पान वाचलं.

"तुम्ही आला नसतात तर कुणाच्याही लक्षात आलं नसतं," त्या हळूच म्हणाल्या.

"त्याचीच तर लाज वाटतेय."

"लेखी द्याल?"

चार ओळी लिहायला त्याला अर्धा तास लागला. 'माझ्या हातून' हे दोन शब्द त्याने खोडून पुन्हा तेच लिहिले.

निर्णय यायला सहा आठवडे लागले. सिस्टरांची खिडकी अस्सल ठरली आणि तिची फक्त कुजलेली झडप बदलायची, असं ठरलं. नवा नकाशा तिच्यावरून निघाला. बाकीच्यांनी हवं तर पट्टी खाली घ्यावी, सक्ती नाही. कार्यशाळेच्या यादीतून मिस्त्रीचं नाव गेलं. चुकीचा नमुना देणारा माणूस शिकवणार काय, असं वर कुणीतरी म्हणालं. शिंप्याच्या दुकानात लोक त्याला 'अडीच इंच' म्हणू लागले. तोंडावर नव्हे, पण त्याला ऐकू जाईल इतक्या हळू.

बायकोने भावाला काय सांगितलं, ते त्याने विचारलं नाही. त्याने एक गोष्ट मात्र ठरवली. कुणी सांगो न सांगो, जिथून सुरुवात झाली तिथे जाऊन ती खिडकी आपल्या हाताने नीट करायची.

पहिल्या घराचं दार तिथल्या बाईंच्या मुलाने उघडलं. मुलगा म्हणजे आता तोही पन्नाशीचा, केस पांढरे झालेला. मिस्त्रीने कशासाठी आलो ते सांगितलं.

"राहू द्या हो, मिस्त्री," तो म्हणाला. "तिथे आता बसतं कोण? आई जाऊन नऊ वर्षं झाली."

"तरी करतो. माझ्यासाठी."

"करा मग. आईला बरं वाटलं असतं." तो हसला. "तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही हत्यारं आवरून गेलात आणि ती खुर्चीत बसली. म्हणाली, अगंबाई, रस्ता गेला की!"

मिस्त्रीने हातातली पिशवी खाली ठेवली. त्या दिवशी ती बाई जिन्यापर्यंत सोडायला आली होती. फार सुरेख झाली खिडकी, असं म्हणाली होती. ते वाक्य त्याने पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं.

"मग मला बोलावलं का नाही?"

"मी निघालो होतो बोलवायला. तिनेच अडवलं. म्हणाली, इतका जीव लावून केलीय त्याने. त्याच्यापाशी एक शब्द काढू नका कुणी, गुणी माणूस आहे, मनाला लावून घेईल." मुलाने खिडकीकडे पाहिलं. "मग काय, शेवटपर्यंत उभ्यानेच बघायची रस्ता. खिडकीच्या लाकडी गजाला धरून."

खाली नळावर भांडं भरत असल्याचा आवाज येत होता.

मिस्त्री खिडकीपाशी गेला. डाव्या बाजूच्या गजावर, हाताच्या उंचीवर, रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. त्याने पटाशी बाहेर काढली. पट्टी उतरवली, खालच्या झडपा उतरवल्या, फळीसुद्धा उचकटली.

"तो गजही बदलायचा का?" मुलाने विचारलं. "पार झिजलाय."

"नाही," मिस्त्री म्हणाला. "त्याला हात लावायचा नाही."