आधी नळी, मग दाब

"अर्ध्या दुनियेचा उजेड या दोन हातांतून जातो," असं थोरल्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं आणि त्याच क्षणी त्या दोन हातांतून साबण निसटला. तो सापडायला बराच वेळ लागला, कारण न्हाणीघरात अंधार होता. तिथला बल्ब जाऊन महिना होत आला होता आणि नवा आणायचं काम थोरल्यांकडे होतं.

दाराबाहेरून बायको म्हणाली, "जाता जाता थोडा उजेड इथेही ठेवून जा म्हणावं."

थोरले तारा जोडायचे. उंच मनोऱ्यांवरून ज्या जाडजूड तारा डोंगर, नद्या आणि लोकांची गच्चीवरची भांडणं ओलांडून जातात, त्या काही अखंड येत नाहीत. एक रीळ संपलं की पुढच्या रिळाची तार तिला जोडावी लागते, आणि सांधा असा व्हावा लागतो की ऊन, वारा आणि स्वतःचं वजन सोसत तो करणाऱ्याच्या माघारीही तिथेच राहील. या तारेच्या पोटात पोलादी तारांचा गाभा असतो आणि त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या तारांचे वेढे. पोलादानं वजन पेलायचं, अ‍ॅल्युमिनियमनं वीज वाहायची. ही वाटणी थोरल्यांनी आयुष्यात इतक्यांदा समजावून सांगितली होती की नात्यातली लहान मुलं ती झोपेत बडबडत. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "माणसानंही आतून पोलाद असावं." यावर त्यांची बायको कधी वाद घालत नसे. झुरळ निघालं तेव्हा हे पोलाद ज्या स्टुलावर चढून बसलं होतं, ते स्टूल ती पाहुण्यांना बसायला देई.

वरच्या मजल्यावर धाकटे राहत. थोरले आणि धाकटे साडू. दोघी बहिणी एका घरात आणि दोघे साडू एका टोळीत, थोरले सांध्यावर आणि धाकटे दाबयंत्राच्या पंपावर. म्हणजे धाकट्यांना थोरल्यांपासून घरी सुटका नव्हती आणि कामावरही नव्हती.

धाकट्यांना सगळे नळी म्हणत. टोळीत नळी, घरात नळी, पुतण्या-भाच्यांचे नळीकाका. त्यांच्या आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव आता फक्त मतदारयादीत उरलं होतं.

त्याचं कारण असं. तार जोडताना दोन नळ्या लागतात. पोलादी गाभ्याची दोन टोकं एका छोट्या पोलादी नळीत घालून दाबयंत्रानं आवळायची, मग त्या सगळ्यावर अ‍ॅल्युमिनियमची लांब नळी सरकवून तीही आवळायची. मात्र ही लांब नळी आधीच तारेवर ओवून बाजूला सरकवून ठेवावी लागते. कारण एकदा गाभा आवळला की तारेचं एक टोक जातं रिळाकडे आणि दुसरं टोक दोन टेकड्यांपलीकडे, आणि नळी कुठूनच आत घालता येत नाही. पायजमा चढवून, वर सदरा घालून, चौकात पोचल्यावर नाडी ओवायची राहिली हे आठवावं, तसा हा प्रकार. मग केलेला सांधा कापून टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

धाकट्यांचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एकदा ते स्वतः सांधा करायला बसले आणि नळी ओवायची विसरले. एकदाच. त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला आणि पंप धरला, पण थोरल्यांनी तो किस्सा सोडला नाही. साखरपुडे, बारशी, दवाखान्यात भेटायला जाणं, कुठेही पाच माणसं जमली की थोरले घसा साफ करत. "आमच्या साडूंची गंमत सांगितली का तुम्हाला?" सगळ्यांना सांगितलेली असे. तरी सगळे हसत आणि धाकटेही हसत. न हसून करतात काय.

थोरले स्वतः कधीच विसरले नव्हते. नळी तर नाहीच.

पण अलीकडे ते इतर गोष्टी विसरू लागले होते. बल्ब हा त्यातला सगळ्यात किरकोळ. छत्री तर ते पावसापेक्षा नियमानं हरवत. एकदा दूध तापत ठेवून फिरायला गेले आणि परत आल्यावर घरात जळका वास कसला म्हणून बायकोवरच तापले. एकदा तर घराचं कुलूप उघडेना म्हणून बराच वेळ खटपट केली. घर शेजाऱ्यांचं होतं.

त्या दिवशी सकाळी धाकटे डबा घेऊन जिना उतरत असताना ताईंनी, म्हणजे थोरल्यांच्या बायकोनं, त्यांना हळूच थांबवलं. घरात त्यांना नळी न म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

"भाऊजी, आज ती इंजिनीअरबाई येणार ना यांचं काम बघायला?"

"हो. दर दोन वर्षांनी असतंच की. एक सांधा बघतात, सही करतात."

"आणि चुकलं तर?"

"तर स्टोअरमध्ये बसवतील. नटबोल्ट द्यायचे, घ्यायचे. सावलीत."

"सावलीत ते महिनाभर टिकायचे नाहीत," ताई म्हणाल्या. "लक्ष ठेवाल? पण त्यांना कळू देऊ नका."

"ताई, ते माझ्याकडे फक्त हसायला बघतात. काही कळत नाही त्यांना."

माळावर दोन मनोऱ्यांच्या मधे ताडपत्री अंथरली होती. तारेची दोन टोकं समोरासमोर आणून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली होती. इंजिनीअरबाई एका खोक्यावर बसल्या होत्या. वयानं थोरल्यांच्या मुलीएवढ्या, पण हातात फाईल असल्यामुळे सगळे त्यांच्याशी जरा ताठ बसून बोलत होते.

"काका, मी बोलणार नाही मधे," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज करता तसंच करा."

ही सूचना पाळणं जगात सगळ्यात अवघड. थोरले रोज करत तसं करायला लागले. रोज करत नसत ते भाषणही सुरू केलं. "मॅडम, आत पोलाद, वर अ‍ॅल्युमिनियम..." बाईंनी मान डोलावली. त्यांनी याच विषयात पदवी घेतलेली होती, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. बोलता बोलता थोरल्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या तारा मोजून कापल्या, गाभा मोकळा केला, पुसला, पोलादी नळीत दोन्ही टोकं घातली आणि मधोमध आली की नाही ते पाहिलं. हात सुरेख चालत होते. दाबयंत्राचा जबडा नळीवर बसवून ते म्हणाले, "दाब."

धाकट्यांचा हात पंपाच्या दांड्यावर होता आणि नजर ताडपत्रीवर. त्यांच्या गुडघ्याला लागून अ‍ॅल्युमिनियमची लांब नळी पडली होती. घासूनपुसून, चकचकीत, उन्हात चमकत.

खरं सांगायचं तर धाकट्यांच्या मनात पहिल्यांदा ताई आल्या नाहीत. पुढच्या महिन्यात होणारं भाचीचं लग्न आलं. मांडव भरलेला आहे, माणसं जेवून सुस्तावली आहेत, आणि ते स्वतः घसा साफ करताहेत. "आमच्या साडूंची गंमत सांगितली का तुम्हाला?" एक दाब पुरे होता. दांडा खाली गेला की पुढची सगळी वर्षं त्यांची होती.

"अरे दाब की," थोरले म्हणाले. "झोप लागली काय?"

धाकट्यांनी दांड्यावरचा हात काढला.

"थांबा साडूभाऊ," ते मोठ्यानं म्हणाले. "चुकलं माझं. मी नळीच द्यायला विसरलो."

टोळीतले सगळे आधी एकमेकांकडे बघत राहिले, मग फुटले. हसण्यात थोरल्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "बघा मॅडम, बघा. माणूस म्हातारा झाला, पण आपली परंपरा सोडली नाही. याला नळी का म्हणतात ठाऊक आहे? याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं..."

आणि ते तिथेच थांबले. धाकट्यांनी पुढे केलेली नळी त्यांनी हातात घेतली होती आणि ते ती बघत होते. नळी द्यायचं काम धाकट्यांचं कधीच नव्हतं. ज्याचा सांधा, त्याची नळी. हे टोळीत सगळ्यांना माहीत होतं, आणि हा नियम थोरल्यांनीच घालून दिला होता.

बाकीचे अजून हसत होते. बाई फाईलमध्ये बघत होत्या.

थोरल्यांनी जबडा काढला, टोकं सोडवली, नळी तारेवर ओवली, बाजूला सरकवली आणि पुन्हा सगळं जुळवलं. या वेळी भाषण नव्हतं. "दाब," ते म्हणाले, आणि धाकट्यांनी दाबलं. सांधा झाला. बाईंनी तो मोजला, हात फिरवून पाहिला, सही केली आणि त्या जीपकडे निघाल्या.

धाकटे पंप पुसत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा थोरले जीपकडे चालले होते. जीपच्या खिडकीशी ते बराच वेळ उभे राहिले. बाई खाली उतरल्या. मग थोरल्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं, आणि धाकट्यांना पुढचं बघवेना. ते पुन्हा पंप पुसू लागले. पंप केव्हाच स्वच्छ झाला होता.

रात्रीचं जेवण दोन्ही घरांचं एकत्र होतं. पहिला घास घ्यायच्या आधी थोरल्यांनी घसा साफ केला. धाकट्यांनी सवयीनं हसरा चेहरा करून ठेवला.

"आजपासून," थोरले म्हणाले, "या घरात यांना कोणीही नळी म्हणायचं नाही."

वाढणाऱ्या धाकटीचा, म्हणजे धाकट्यांच्या बायकोचा, डाव हवेत राहिला. "अगं बाई," ती म्हणाली. "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

ताई थोरल्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. "काय विसरलात?" त्यांनी विचारलं.

"कुठे काय, ताई," धाकटे घाईनं म्हणाले. "मीच आपला नेहमीप्रमाणे..."

"तू गप रे." थोरल्यांनी ताटावरची नजर काढली नाही. "नळी विसरलो. मी. यानं स्वतःवर घेतलं आणि मी त्यालाच हसलो, सगळ्यांच्या देखत."

मग ताईंनी विचारलं, "बाईंना माहीत आहे?"

"सांगून आलो. म्हटलं, सही परत घ्या."

"मग?"

"म्हणाल्या, काका, नळी माझ्या समोरच पडली होती, मी बघत होते कोण आधी बोलतं." थोरले पाणी प्यायले. "सही राहू दिलीय. पण दोन वर्षांची नाही, सहा महिन्यांची. आणि अट घातलीय. दाबायच्या आधी पंपवाल्यानं दर वेळी मोठ्यानं विचारायचं, नळी? आणि मी ती हातानं हलवून दाखवायची. मगच दाब. सहा महिन्यांनी पुन्हा येतील. तेव्हा जमलं नाही, तर मी आपणहून स्टोअरमध्ये जाईन असं सांगितलंय मी."

"जाल?" ताईंनी विचारलं.

"जाईन. लोकांच्या डोक्यावरून जाते ती तार."

ताईंनी त्यांच्या पानात भात वाढला. त्यांनी मागितला नव्हता.

"म्हणजे मला दिवसभर नळी नळी ओरडायचंय," धाकटे म्हणाले, "आणि मला मात्र कोणी म्हणायचं नाही. हे काही बरोबर नाही साडूभाऊ. शिवाय आता नावानं हाक मारलीत तर मी वळून बघणार नाही. मला वाटेल, दुसऱ्या कोणाला बोलवताय."

"तुझं नाव तरी काय होतं रे?"

"विसरलात?"

"नाही," थोरले म्हणाले, पण विचार करायला त्यांना थोडा वेळ लागला. धाकटीनं पदर तोंडाला लावला. ताई हसल्या नाहीत, पण त्यांनी भाऊजींना भात वाढताना चांगलं दोन डाव तूप सोडलं.

जेवणं झाली. धाकटे हात पुसत जिन्याकडे निघाले, तसे थोरले मागून आले. त्यांनी साडूंच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काहीतरी फार मोठं येणार असं दिसत होतं. आतल्या पोलादाबद्दल असावं.

"नळी," ते म्हणाले, "उद्या येताना मला बल्बची आठवण कर."