माझ्या अंगावर लिहिलेली बाकी

मित्रांनो, फळा म्हटला की तो भिंतीला टेकून गप्प राहणारच, असे तुम्हाला वाटत असेल. गप्प मी राहतो, पण स्वस्थ राहता येत नाही. काल लिहिलेले नीट वाचून होत नाही, तोच कोणीतरी फडके घेऊन येते आणि त्या जागी आजचे लिहिते. आयुष्यभर हेच चालले आहे.

आहे मी जुनाच. चाळीस वर्षे तरी झाली असतील. आरे-वारेच्या रस्त्यावरून वर चढले की आमची वाडी लागते. तिथल्या बाबल्या सुताराने फणसाची चार फळकुटे जोडून मला तयार केले. शाळेच्या मुलांनी बॅटरीचे जुने सेल फोडून, आतली काजळी वाटून मला रंग दिला. पहिल्या दिवशी गुरुजींनी माझ्यावर तारीख आणि पट लिहिला: एकेचाळीस. पुढे तो पट उतरत गेला. छत्तीस, बावीस, अकरा. ज्या दिवशी चार हा आकडा लिहिला गेला, त्या वर्षी शाळा बंद झाली. तो चार माझ्या अंगावर दोन वर्षे तसाच होता. वटवाघळांशिवाय तो वाचायला कोणी आले नाही.

मग वाडीतल्या युवक मंडळाने मला उचलून समाजमंदिरात आणले. तिथे रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. मंडळाचा एक नियम आहे आणि त्याचा त्यांना फार अभिमान आहे. कुठलाही खर्च असो, त्याचा हिशोब आठ दिवस फळ्यावर ठेवायचा. ज्याला पाहायचा त्याने येऊन पाहावा. मलाही या नियमाचा अभिमान होता. या वर्षीच्या जानेवारीपर्यंत होता.

झाले असे. अभ्यासवर्गाला येणाऱ्या संस्कृती नावाच्या मुलीने एके दिवशी विचारले, "ताई, आपल्याकडे लाइट येते ती नक्की कुठून?" संस्कृती नववीत आहे. तिची आई तुळसा मासे विकते. वर्ग घेणाऱ्या ऋजुताने पुस्तकातले उत्तर दिले. संस्कृतीने ते लिहून घेतले, पण वही मिटली नाही. "पण बघितलंय कोणी?" असे तिने पुन्हा विचारले. कोणीच बघितले नव्हते. त्यातून शैक्षणिक सहल ठरली. अलोऱ्याच्या बाजूला जायचे, वीजघर पाहायचे आणि रात्री परत यायचे.

ऋजुता वीस वर्षांची आहे, कॉमर्सला शिकते. तिचे शाळेचे शिक्षण चिपळूणला मामाकडे झाले. वाडीत ती राहायला आली त्याला दोन वर्षे होतात. तिचे काम अतिशय चोख. तिने पट्टी लावून माझे तीन रकाने पाडले. गाडी आठ हजार. ड्रायव्हरचा भत्ता पाचशे. नाश्ता सहाशे पंचवीस. दुपारची हॉटेलातली थाळी माणशी शंभर, पंचवीस जणांची अडीच हजार. पाणी, औषधे आणि किरकोळ तीनशे पंचाहत्तर. एकूण बारा हजार. त्यातून मंडळाची शिल्लक बत्तीसशे वजा. मुले बावीस, बरोबर मोठी माणसे तीन. प्रत्येक मुलामागे चारशे रुपये. रुपयाला रुपया जुळला. तिने खडू खाली ठेवला, चार पावले मागे जाऊन माझ्याकडे पाहिले आणि समाधानाने हात झटकले. इतका देखणा हिशोब माझ्यावर कधी लिहिला गेला नव्हता.

शेजारी बावीस नावे लिहिली. नावापुढे जमा किंवा बाकी.

पैसे येऊ लागले. तुळसा सकाळची विक्री आटोपून, रिकामी पाटी कमरेला लावून आली आणि चारशे रुपये मोजून दिले. "ही आमची वर्गणी. लिहून ठेव हां बाय," असे म्हणून ती निघून गेली. ऋजुताने संस्कृतीच्या नावापुढे जमा लिहिले. त्याखाली संस्कृतीच्या धाकट्या भावाचे, बाबूचे नाव होते. त्याच्यापुढे बाकी लिहिले. तुळसा उरलेले नंतर देईल, असा तिचा समज. तुळसाच्या मनात मात्र देणे पुरे झाले होते.

मित्रांनो, मी या वाडीत चाळीस वर्षे आहे. मला ठाऊक होते ते ऋजुताला ठाऊक नव्हते. आमच्याकडे वर्गणी घरटी असते. देवळाचा रंग असो की विहिरीचा उपसा, घर एक तर वर्गणी एक. घरात दोन माणसे असोत की बारा. "माणशी चारशे" असे माझ्यावर ठळक लिहिलेले होते, सगळ्यांनी ते वाचलेही होते, तरी हात गेला तो सवयीप्रमाणे. सोळा घरांतून सोळा वेळा चारशे आले. सहा घरांत दोन-दोन मुले होती. त्या सहा घरांच्या धाकट्यांपुढे सहा वेळा बाकी लिहिले गेले. खडू पांढरा, मी काळा. दारातूनसुद्धा ते दिसत होते.

मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण फळ्याला फक्त दुसऱ्याचे बोलता येते.

शनिवारी दुपारी संस्कृती एकटीच आली. तिने ती सहा नावे वाचली. बाबूपाशी थांबली. मग ओढणीचे टोक बोटाला गुंडाळून तिने स्वतःचे नाव पुसले. "जमा" हा शब्द तेवढा ठेवला आणि त्याच्यामागे लिहिले, बाबू. खालची ओळ पुसून टाकली. एका मिनिटाचे काम. इतक्या वेळा मला पुसले गेले आहे, पण त्या ओढणीने जसे भाजले तसे कधी भाजले नव्हते.

रविवारच्या वर्गात ऋजुताने विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला गाडी लागते, ताई." ऋजुताने मान हलवली आणि बेरीज सुधारली.

एकीने पुसले म्हणताच बाकीच्या घरांनाही वाट सापडली. कोणाच्या मुलीला ताप आला, कोणाच्या मुलाची परीक्षा निघाली. सोमवार संध्याकाळपर्यंत बावीसची सोळा नावे झाली. ऋजुता रोज येऊन नवा भागाकार करी. गाडी तेवढीच, माणसे कमी. चारशेचे चारशे सत्तावीस झाले, मग चारशे एकसष्ट, मग पाचशे तीन. माझ्यावर एवढी पुसापुशी झाली की मी काळा न राहता राखाडी दिसू लागलो. वीजघराला नावांची यादी गुरुवारी सकाळी पोचायला हवी होती. यादीत नाव नसेल त्याला आत सोडणार नव्हते. ज्या मुलीच्या प्रश्नातून सहल निघाली, तिचे नाव त्या यादीत नव्हते आणि यादी जायला अडीच दिवस उरले होते.

बुधवारी मंडळाची सभा झाली. वयाने सगळ्यांत मोठे हरिश्चंद्र अण्णा. त्यांची खालच्या अंगाला कलमांची बाग आहे. ते चष्मा पुसून माझ्यासमोर उभे राहिले आणि बराच वेळ वाचत राहिले.

"ऋजुता, आपल्या वाडीत कोणाकडे बाकी राहिलेली मी आजवर पाहिली नाही. त्या सहा घरांवर तू बाकी लिहिलीस ती कसली?"

"माणशी चारशे आहेत, अण्णा. वर लिहिलंय."

"लिहिलंयस. पण वर्गणी घरटी असते. शिमग्याला पालखी येते ती काय माणसं मोजून दारात थांबते? घर एक, पालखी एक."

"बसची सीट घरटी नसते, अण्णा!" ऋजुताचा आवाज चढला. "मी आठ दिवस झोपले नाहीये. सोळा जणांत गाडी परवडत नाही. हे पाचशे तीन वाचून उद्या आणखी चार गळतील."

तिचेही खरे होते. तेवढ्यात तुळसा आत आली.

"माझ्या पोरीनं नाव पुसलान ते कोणाला विचारून?" तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "मला आज बाबूनं सांगितलान."

"तिला गाडी लागते ना, काकी?" मंडळाचा चिटणीस ऋत्विक म्हणाला.

"कधीपासून? भर उधाणात होडीत बसते ती. होडी नाय लागत, नि गाडी लागते काय रे?"

कोणी हसले नाही. ऋजुता खाली पाहत होती. मग तिने तुळसाला माझ्यासमोर उभे करून एकेक रकम वाचून दाखवली. का कोण जाणे, पण तो हिशोब मोठ्याने वाचलेला मी पहिल्यांदाच ऐकला. तुळसा ऐकत होती. गाडीच्या आठ हजारांना तिने मान डोलावली. "ते बरोबर. रिक्षावाला माझ्या पाटीचे पण वेगळे घेतो." भत्ता आणि नाश्ताही तिला पटला. थाळीशी आल्यावर तिने बोट उचलले.

"हे शंभर कसले?"

"दुपारचं जेवण, काकी. डाळ, भात, चपात्या, पनीरची भाजी."

"पोरं घरी असली की दुपारची जेवत नाहीत काय? मी भाकऱ्या देते नि जवळ्याची चटणी. ज्याची त्याची आई ज्याला त्याला देईल. त्याचे पैसे कशाला?"

ऋजुता एकदम माझ्याकडे वळली. खडू तुटला, दुसरा घेतला. बावीस मुलांचे आठ हजार आठशे. त्यातून अडीच हजार वजा. सहा हजार तीनशे. सोळा घरांचे चारशेप्रमाणे सहा हजार चारशे. एवढे तर जमा होऊन पडले होते. तिने तीच वजाबाकी खालून वर पुन्हा तपासली.

"म्हणजे पनीर नाही?" ऋत्विकने विचारले.

"पनीर खायला अलोऱ्याला कशाला जायला हवं, मेल्या?" तुळसा म्हणाली. या वेळी अण्णासुद्धा हसले.

संस्कृती इतका वेळ दाराबाहेर होती. ऋजुता बाहेर गेली नाही. तिने तिथूनच हाक मारली आणि खडू पुढे केला. "यादी लिहायचीये. ये."

"मला दया नको, ताई."

"दया नाही गं. इथली रीत विचारायची राहिली माझ्याकडून. आणि तुझं नाव मी नाही लिहिणार. पुसलंयस तू, लिहायचं की नाही ते तूच ठरव."

ऋजुताने ओले फडके घेतले आणि नावे व त्यांपुढचा जमा-बाकीचा रकाना वरपासून खालपर्यंत पुसला. संस्कृती उंबऱ्यापर्यंत आली. तिने आईकडे पाहिले. तुळसाने पाटी उचलली आणि तिच्याकडे न बघता म्हटले, "लिहितेस की मी जाऊ? मला भाकरीचं पीठ दळायचंय." मग संस्कृती आत आली. तिने एकवीस नावे लिहिली. हात थांबला. मला वाटले, आता फडके घेते की काय. बाविसावे नाव तिने इतके दाबून लिहिले की खडूची पूड खाली सांडली.

त्या रविवारी पहाटे गाडी गेली. मी एकटा भिंतीवर. समुद्रावरचा वारा दाराला धक्के देत होता आणि प्रत्येक धक्क्याला मला गाडी परत आल्यासारखे वाटत होते. मला कुठेच नेत नाहीत. जे पाहून येतात ते सांगतील तेवढेच माझे.

सोमवारी संध्याकाळी संस्कृती आली. मागोमाग तुळसा, आणखी दोन-तीन आया. संस्कृतीने माझ्या वरच्या कडेला धरण काढले, तिथून खाली तिरके नळ, तळाशी चाक. हात कोपरापर्यंत पांढरा झाला होता.

"मग एवढं पाणी चाक फिरवून झाल्यावर जातं कुठं?" तुळसाने विचारले.

"वाशिष्ठीत, आये. तिथून समुद्रात."

"म्हणजे आपल्याकडेच की!" तुळसा म्हणाली आणि जमिनीवर बसून चित्र पुन्हा पहिल्यापासून समजावून घेऊ लागली.

ऋजुता सहलीचा अंतिम हिशोब लिहायला आली होती. नियमाप्रमाणे तो लिहायलाच हवा. हातात ओले फडके होते. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले, फडके खिडकीत ठेवले आणि उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, जेमतेम वीतभर जागेत सगळा हिशोब बसवला.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची तर वर्षातून एकदा काळा रंग द्या, भिंतीला ओल आली तर मला उतरवून उन्हात ठेवा. एवढे केलेत तर मी अजून वीस वर्षे टिकेन. पण एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. माझ्यावर माणसाचे नाव लिहाल तेव्हा त्याच्यापुढे काय लिहिता आहात, ते त्या माणसाच्या घरी जाऊन आधी विचारून या. माझ्यावरचे फडक्याने जाते. वाचणाऱ्याच्या मनावरचे जाईल, असे फडके मी चाळीस वर्षांत पाहिलेले नाही.