प्रार्थनेच्या वहीची पानं

वही गेली हे एलिया रणभिसे सरांना सोमवारी सकाळी कळलं, आणि तेही शेंगदाण्याच्या पुडीवरून.

मिशनच्या शाळेच्या स्वयंपाकघरात ठकुबाई वसतिगृहाच्या मुलींसाठी पोहे करत होत्या. विंझरच्या आनंदरावांच्या दुकानातून आणलेली पुडी त्यांनी ताटात मोकळी केली, कागद चुलीत टाकायला उचलला आणि तशाच थांबल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. पण बावीस वर्षं त्यांनी शैलजाबाईंबरोबर काम केलं होतं. ते डावीकडे कललेलं अक्षर त्या कुठंही ओळखत्या.

"सर, हे बगा वो. आपल्या बाईंचं हाय का?"

सरांनी कागद घेतला. 'माऊली, आजीचे डोळे.' पुढे छोटा क्रूस आणि तारीख. खाली 'स्वरूप, रात्री अंथरूण ओलं होतं.' पुढे काही नाही. 

वसतिगृह सांभाळणाऱ्या शैलजाबाई वारून चार महिने झाले होते. मुलं त्यांना मनातलं सांगत. सांगितलेलं त्या कुणाजवळ बोलत नसत, फक्त वहीत लिहीत आणि रोज पहाटे एकेका नावासाठी देवाजवळ मागत. मागणं पुरं झालं की नावापुढे क्रूस काढायचा आणि तारीख घालायची, ही त्यांची पद्धत. मग दार लोटून निवांत चहा पीत. सरांना तसं कधी जमलं नाही. कुणी फाटकाशी उभं राहिलं तरी त्यांना धडकी भरायची. "मी देवाला सांगितलंय, तुम्ही कशाला काळजी करता?" असं बाई म्हणायच्या, आणि सर त्यांच्या भरवशावर राहायचे. देवाशी थेट बोलायची वेळ त्यांच्यावर फारशी आलीच नव्हती.

गेल्या आठवड्यात त्यांनी रद्दी काढली. बाईंच्या कपाटाकडे बघवत नव्हतं, म्हणून खालच्या खणातला वह्यांचा गठ्ठा न बघताच बांधला आणि दुकानात पाठवून दिला.

आता ते तसेच चपला घालून दुकानाकडे धावले.

"तुमीच तर धाडली की सर," आनंदराव म्हणाले. "म्या काय तुमच्या घरात शिरून आणली? कागद जाड, पुडीला एक नंबर."

"उरलेली द्या आधी. वाचलीत का तुम्ही?"

"गिऱ्हाईक उभं असतंय. कवा वाचू?" आनंदरावांनी तराजू पुसला. मग खाली बघूनच म्हणाले, "एक वाचलं. आमच्या पुतण्याचं हुतं. त्येला फिटा येत्यात हे तुमाला ठावं हुतं व्हय? आमी सोयरिकीच्या भ्यानं भावकीत बी बोललो न्हाई."

सरांनी उरलेली वही उभ्या उभ्या चाळली. एकोणीस पानं फाडलेली होती. त्यांना एकच पान हवं होतं, आणि तेच नव्हतं. सहावीतल्या प्रेरणाचं. ते त्यांनी एकदा बाईंच्या खांद्यावरून वाचलं होतं: 'प्रेरणा, दादा दारू पिऊन आईला मारतात.' वडिलांना ती दादा म्हणायची.

"पासलीचा सोनबा आला होता का हो?"

"शनवारी आलता की. पोरीला घरी न्यायला आला तवा. चहापत्ती आन शेंगदाणं नेलं त्यानं."

प्रेरणा आज सकाळी वसतिगृहात परतायला हवी होती. ती आली नव्हती.

पासलीच्या अकराच्या एसटीत सर खिडकीजवळ बसले. पोरीला मारलं असेल का? की तिच्या आईला? आणि ते क्रूस बघून चार माणसं जमली असतील, पोरं बाटवल्याची यादी समजून बसली असतील, तर? पोलिसांना फोन करावा तर वहीत काय होतं ते पुन्हा एकदा परक्याला सांगावं लागणार. बाई असत्या तर आत्ता डोळे मिटून मागत्या. सरांनीही डोळे मिटले. शब्द येईनात. शेवटी ते मनात एवढंच म्हणाले, 'देवबापा, मला भीती वाटते. त्या मुलीला सांभाळ.' डोळे उघडले तर भीती होती तशीच होती. वेल्हे मागे पडलं. उतरून परत फिरावं असं दोनदा मनात आलं, पण ते उतरले नाहीत.

सोनबा ओट्यावर बसला होता. शुद्धीत होता. घराला बाहेरून कडी होती.

"या सर. येनार ते ठावं हुतं."

"प्रेरणा कुठंय?"

"बसा की आदी. पानी देऊ का? द्यायला घरात कुनी न्हाई म्हना."

"सोनबा, मुलगी कुठंय?"

"भाटघरला. मामाकडं. आईबी गेली तिची." सोनबानं खिशातून घडी काढली. "शेजारच्या पोराकडनं वाचून घेतलं. सगळी बसलीवती हितंच. म्या म्हनलं, वाच मोठ्यानं, बगू काय लिवलंय. मला काय ठावं, माझंच निगंल."

"हात उचललास का त्यांच्यावर?"

"उचलला. पर पोरगी मदी आली." तो आपल्या हाताकडे बघत राहिला. "तिला न्हाई लागला. खाली आला आपसूक. मंग त्या दोगी गेल्या."

सोनबानं पान उलगडलं आणि क्रूसावर बोट ठेवलं.

"ह्या फुल्या कसल्या? लोक म्हनत्यात, ही पोरं बाटवली."

"नाही रे. बाई देवाजवळ मागायच्या. ते झालं की खूण करायच्या. शाळेतल्या माऊलीच्या आजीचं ऑपरेशन नीट झालं, तिला दिसायला लागलं, म्हणून त्या नावापुढं क्रूस."

"आसं व्हय." त्यानं बोट खाली सरकवलं. "मंग आमच्या पोरीम्होरं का न्हाई?"

सरांना वाटलं, काहीतरी गोड बोलावं आणि निघावं. एसटीच्या आवाजासाठी कान टवकारलेले होते. बाईंनी काय सांगितलं असतं ते त्यांना माहीत होतं, आणि तेच सांगायची भीती वाटत होती.

"कारण ते अजून झालं नाही, सोनबा," ते म्हणाले.

सोनबा उठला. सर एक पाऊल मागे सरले. पण त्यानं पानाची घडी घातली आणि परत खिशात ठेवली.

"पान द्यायचं न्हाई म्या."

"ठेव. वही रद्दीत मी दिली. चूक माझी आहे, मुलीची नाही. तिनं फक्त बाईंना सांगितलं होतं."

"जा आता. एस्टी चुकंल."

परतीच्या वाटेवर सरांनी पुन्हा डोळे मिटले. पहिल्यापेक्षा लांबलचक असं काही मागता आलं नाही.

त्या आठवड्यात ते घरोघर फिरले. सहा पानं मिळाली. एका बाईनं न वाचताच चुलीत घातलं होतं, एकीनं वाचून घातलं होतं आणि तसं तोंडावर सांगितलं. स्वरूपच्या वडिलांनी शाळेचा दाखला मागितला. ठकुबाई म्हणाल्या, "आता तुमालाच लिवायला लागंल नावं, सर." सरांनी नवी वही आणली. पहाटे उठून तिच्यासमोर बसतात. फाटकाचा आवाज झाला की अजून दचकतात, पण उठून जात नाहीत.

नऊ पानं सापडलेली नाहीत. प्रेरणा भाटघरलाच आहे आणि तिथल्या शाळेत जात नाही. तिनं बाईंना विश्वासानं सांगितलेली गोष्ट आपल्या हातून बाहेर गेली, हे तिला भेटून सांगायचं सरांचं अजून राहिलं आहे.